रिठ्याच्या पाण्यात धुतलेली पोत

दागिने कसे जपावे हे कोणाला शिकायचं असेल, तर बोरगाव मेघेत आमच्या लाईनीत यावं. किराणावाल्या मोतीलालजींच्या यशोदाबाई ओसरीवर फुकट क्लास घेतात. न विचारता घेतात. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे माझी तर पीएचडीच झाली आहे.

"आंघोळीच्या आधी पोत काढा लागते. सेंट मारून घालू नाई. घामाची तशीच ठेवू नाई. आठवड्यातून एकदा रिठ्याच्या पाण्यात धुवा, पुसा, अन् कापसात ठेवा." एवढं सांगून बाई गळ्यातली काळ्या-पिवळ्या मण्यांची पोत पुढे ओढून दाखवायच्या. "हे पाह्य नलू. एक ग्रामवाली हाय, पॉलिशची. सहा वर्षं झाली. काळी पडली का? जपाले अक्कल लागते."

आमच्या एक ग्रामवाल्या पोती दिवाळीला घेतल्या की होळीपर्यंत तांब्याच्या व्हायच्या. रिठे उकळून उकळून आम्ही हात सोलून घेतले. बाप्पा! काडीचा फरक नाही. "तुमच्या हातालेच गुण नाई," असं बाई म्हणायच्या, तेव्हा मला असा राग यायचा की पुसू नका.

त्यांची खरी पोत सासूकडून आलेली. ती डब्यात, कापसाच्या पोटात. रोज घातली तर झिजेल, म्हणून तिच्यासारखीच हुबेहूब नकली करून आणलेली. पुढे तर लग्नाकार्यातही खरी निघेना. डबा उघडला की हवा लागते आणि सोन्याचं तेज जातं म्हणे!

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या निकेशचं लग्न झालं. चढाव्यात सुनेला घराण्याची पोत द्यायची, ही त्यांच्याकडची रीत. बाईंनी भर मांडवात गळ्यातली पोत काढून प्रेरणाच्या हातावर ठेवली आणि स्वतः काळ्या मण्यांचा साधा सर घातला. "माह्या सासूची हाय. खरं सोनं. जिवापाड जपजो." पोरीचे डोळे भरून आले. तिने वाकून नमस्कार केला.

लगेच बाई माझ्या कानाशी आल्या. "नकलीच देली वं. नवी पोट्टी, कुठी हरवन, कुठी माहेरी ठेवून येईन. खरी राहू दे माह्यापाशी."

मला त्या पोरीची फार दया आली. पण बोलले का? नाही. शेजार टिकवायचा असतो.

दिवाळीनंतर पोतीचा दोरा तुटला. प्रेरणा म्हणाली, "आई, सराफाकडून ओवून आणते."

"सराफ कायले? मी ओवते न घरी!" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण निकेशने गाडी काढली होती, सून मागे बसली होती. बाईंनी मला हाताला धरून ऑटोत कोंबलं. "त्यानं घासून पाह्यली तं नाक कापलं जाईन माहं. सून जन्मभर तोंड पाह्यन नाई वं!"

सराफाने घासलीच. काळ्या दगडावर रेघ ओढली, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. बाईंनी डोळे गच्च मिटले.

"पक्कं सोनं हाय," सराफ म्हणाला. "असं जुनं काम आता भेटत नाई."

बाईंनी हुश्श केलं. ते हुश्श अर्ध्यावरच अडकलं.

घरी येऊन, दार लावून, त्यांनी डबा उघडला. कापसात पोत होती, कढईच्या बुडासारखी काळी. बाई मटकन खाली बसल्या. "आर्वी गावच्या लग्नावरून आलतो न, तवा दोन्ही एकाच वाटीत धुतल्या वं माय, रिठ्यात! तवाच बदलल्या!" म्हणजे इतकी वर्षं गळ्यात सोनं आणि भाषण एक ग्रामचं. मी तोंडात पदर कोंबला.

"मागून घ्या न परत," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

"काय म्हणून मागू? 'तुले नकली समजून देलती' म्हणून?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. आता प्रेरणा तीच पोत घालून भांडी घासते, आंघोळ करते, गळ्यावर सेंट मारते. बाई ओसरीवरून बघतात आणि तडफडतात. एकदा राहवलं नाही. "काढून ठेवत जाय न वं, झिजन!"

"काई होत नाई आई. खरं सोनं हाय. तुमीच तं देलं."

डब्यातली पोत बाईंनी घासून पाहिली, उकळून पाहिली, शेवटी तशीच गळ्यात घातली. नवी करायला मोतीलालजी दमडी सोडत नाहीत. क्लास बंद आहे. परवा मी ओसरीवर बसले होते, तेव्हा प्रेरणा हात पुसत बाहेर आली आणि सासूच्या गळ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाली, "आई, तुमची पोत काळी काऊन पडून राह्यली? द्या इकडं, रिठ्याच्या पाण्यात धुवून देते."