सतीच्या दगडापलीकडे

ओल्या हळदीकुंकवाचा वास आला की मला ती संक्रांतीची सकाळ आठवते. आमचं गाव पुणे शहरात आलं तरी टेकडीभोवतीची मातीची वाट तशीच होती. वाटेवर जुनं लेणं, आणि तिथून हाकेच्या अंतरावर बांगड्या भरलेला हात कोरलेला सतीचा दगड. माझी मुलगी पोलीस भरतीसाठी रोज त्या वाटेने पळायची आणि मी लेण्यापाशी घड्याळ धरून बसायचे. दगडाला सवाष्णी कुंकू लावतात, म्हणून हे गेल्यापासून मी तिकडे फिरकत नव्हते. त्या दिवशी तिथे बायका ताटं घेऊन जमल्या होत्या. "पोलीस झालीस की आधी आम्हालाच आत टाकशील," माझी थोरली जाऊ मुलीला म्हणाली. मुलगी हसत पुढे पळाली आणि दगडापलीकडच्या उतारावर पडली. "आई," अशी हाक मला स्पष्ट ऐकू आली. मोकळं कपाळ घेऊन त्या बायकांमधून जायला मी लाजले आणि उलट्या बाजूने, सगळ्या टेकडीला वळसा घालून धावत गेले. पोचले तेव्हा तिचा सुजलेला पाय जावेच्या मांडीवर होता. "अगं, इथूनच यायचं की, कोण काय म्हणणार हाय तुला?" जाऊ म्हणाली. मुलगी जावेचाच हात धरून उठली. आठवड्यावर आलेली धावण्याची चाचणी हुकली आणि पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटून गेलं. आता ती कोथरूडला एका ऑफिसात काम करते. थंडीत घोटा दुखतो तेव्हा मी कोमट तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ बसते, तर ती पाय ओढून घेते आणि म्हणते, "राहू दे आई, माझं मी लावते."