सल्ल्याला जामीन

शेवाळे सरांची आणि माझी पहिली भेट मिसळीच्या साक्षीने झाली. मखमलाबाद रस्त्यावर एका मिसळीच्या दुकानामागे आंब्याखाली चार बाकडी टाकलेली आहेत. तिथे दर रविवारी सकाळी नाशिकमधली प्रोग्रॅमर मंडळी जमतात, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी तेव्हा पदवी घेऊन घरी बसले होते. प्रोग्रॅमिंगच्या तीन भाषांचे तीन कोर्स सुरू करून तिन्ही अर्धवट सोडले होते. आई रोज सकाळी "आज कोणती?" असं विचारायची, तेही भाजी कोणती करू असं विचारावं तशा आवाजात. शेवटी धीर करून मी त्या बाकड्यांपाशी गेले आणि विचारलं, "मी कोणती भाषा शिकू?"

तोवर तिथे नुसता गलबला चालला होता. माझा प्रश्न ऐकला मात्र, सगळे चिडीचूप. एकाने पाव मोडायला घेतला, दुसरा रश्श्यात काहीतरी शोधू लागला, तिसऱ्याने पापडाचे इतके बारीक तुकडे केले की खायला काही उरलंच नाही. मला वाटलं, काय शिष्ट माणसं आहेत! पुढे कळलं की ती शिष्ट नव्हती, घाबरलेली होती.

घाबरण्याचं कारण होतं शेवाळे सरांचा नियम. सरांच्या एकसष्टीच्या या गौरविकेत त्यांच्या अंबडच्या कारखान्यातल्या कारकिर्दीबद्दल त्यांचे सहकारी लिहितीलच. मी या एका नियमाबद्दलच लिहिणार आहे. त्याने मला मार्गाला लावलं, आणि मागच्या वर्षी सर आमच्यातून उठून जायला निघाले तेव्हा आमच्या हाताशी तेवढंच एक साधन होतं.

आमच्या धंद्यात सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. ही भाषा शिका, ती सोडा, हे टूल घ्या, ते जुनं झालं. देणारा उंटावरून शेळ्या हाकून मोकळा होतो आणि ऐकणारा बिचारा वर्षभर रडत बसतो. म्हणून सरांनी ठरवून टाकलं होतं की कट्ट्यावर जो सल्ला देईल त्याने त्या सल्ल्याला जामीन राहायचं. जामीन म्हणजे शिकणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि त्याचा पहिला प्रोग्रॅम चालेपर्यंत उठायचं नाही. चालला की नाही, हे शिकणाऱ्याने सांगायचं. त्याने "चाललं" म्हटल्याशिवाय जामिनाची सुटका नाही.

परिणाम असा झाला की कट्ट्यावर सल्ला महाग झाला आणि विनोद स्वस्त. सल्ला द्यायची उबळ आली की लोक विनोद सांगून मोकळे व्हायचे. सरांचा लाडका विनोद चहाचा. जावा भाषावाल्याला चहा हवा असला तर तो आधी चहा मागवणारा नेमतो, मग त्या नेमणाऱ्यावर देखरेख करणारा नेमतो. पायथनवाला पटकन पिऊन मोकळा होतो, पण चहा होता की कॉफी हे त्याला प्यायल्यावर कळतं. सीवाल्याला कप स्वतः विसळून जागेवर ठेवावा लागतो, विसरला तर दुकानच बंद पडतं. हा विनोद मी कितीदा ऐकला असेल, पण तो सांगताना सरांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही, त्यामुळे चहाचा शेवट कधी नीट ऐकू आलेला नाही. नवं टूल शिकणं म्हणजे भाड्याचं घर बदलणं, असंही ते म्हणत. सामान लावून होतं, पडदे लागतात, आणि मालक सांगतो की इमारत पाडायचीय.

त्या पहिल्या दिवशी सगळे पापडाशी खेळत असताना सरांनी मला बसायला सांगितलं, माझ्यासाठी मिसळ मागवली आणि विचारलं, "घरी काय अडतंय?"

मला प्रश्न कळेना. सर म्हणाले, "अगं, भाषा मागाहून. आधी काहीतरी अडायला तर पाहिजे ना?"

मी सांगून टाकलं. आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा. वडील आणि काका मिळून करतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे एकाच वाफ्याला दोघंही पाणी देतात, नाहीतर दोघंही देत नाहीत. त्या वर्षी अर्धा झेंडू कुजला होता आणि अर्धा वाळला होता. सरांनी विचारलं, "तिन्हींतली कोणती भाषा सगळ्यांत कमी कंटाळवाणी वाटली?" मी म्हटलं, "जावा." सर म्हणाले, "मग जावा. जामीन मी."

बाकड्यावरचे सगळे सुटकेचा श्वास टाकून पुन्हा बोलू लागले. मी हळूच विचारलं, "सर, तुम्हाला जावा चांगली येते?"

"छे! मला आमच्या काळची फॉक्सप्रो येते. पण शेजारी बसता येतं."

आणि खरंच, सर मिसळ सोडून दर रविवारी आमच्या मळ्यात स्कूटरवरून येऊ लागले. ओट्यावर माझ्या शेजारी बसत. सर मूळचे सटाण्याकडचे. स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं उमटली की ते चष्मा कपाळावर चढवून अहिराणीत म्हणत, "हाई काय शे?" मग मी ते काय आहे हे त्यांना समजावून सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता चूक मलाच दिसायची. एवढंच त्यांचं शिकवणं. वाफ्याला पाणी दिलं की आपल्या फोनवर नोंद करायची आणि ती दुसऱ्याच्या फोनवर दिसायची, असा माझा प्रोग्रॅम. ज्या दिवशी वडिलांच्या फोनवर पहिल्यांदा "पाणी दिलेलं आहे" असं उमटलं, त्या दिवशी वडील फोन हातात घेऊन सरांसमोर उभे राहिले.

"याला कोणी सांगितलं?"

"तुमच्या भावाने," सर म्हणाले.

"मंग त्यानं मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का?"

"मी कशापायी विचारू?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "खाली शेरा लिहायला एक जागा ठेव." मी ठेवली. दुसऱ्याच दिवशी काकांचा शेरा आला, "त्याला म्हणावं, वरच्या अंगाचा पाइप फुटलाय." वडिलांचं उत्तर, "मला दिसतंय म्हणावं, मी काय आंधळा नाय." दोघं समोरासमोर अजूनही बोलत नाहीत. पण दिवाळीत काकांनी "फराळाला या" असा शेरा टाकला आणि वडील गेले. मी सरांना फोन करून "चाललं" असं सांगितलं.

या नियमाने सगळ्यांचंच भलं झालं असं म्हणवत नाही. आमच्यातल्या प्रमोदला नव्याचं भारी वेड. इगतपुरीच्या एका मुलीला त्याने अगदी नवीकोरी, स्वतःलाही न येणारी भाषा शिकायला सांगितली आणि नियमाप्रमाणे ऐन पावसाळ्यात इगतपुरीच्या वाऱ्या सुरू केल्या. वीज नाही, नेट नाही, छत्री टिकत नाही. भातलावणीच्या चिखलात एकदा लॅपटॉपसकट बसला. सगळा पावसाळा तिचा प्रोग्रॅम काही चालेना, आणि ती तर मोठी हुशार मुलगी. सरांना तेव्हाच शंका आली होती. जामीन राहायला गेलेला प्रमोद जावई होऊन परत आला. लग्नात सरांनी त्याला विचारलं, "प्रोग्रॅम?" तो म्हणाला, "ती चाललं म्हणतच नाही, सर."

हल्लीची गोष्ट वेगळी. एका नव्या मुलाने मध्यंतरी सरांना सुनावलं की आता एआयच सगळं लिहून देतं, भाषा कशाला शिकायच्या? सर चिडले नाहीत. त्यांनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिहून देईल रे. पण लाल अक्षरं आली की ते तुझ्या शेजारी घाबरून बसेल का?" पोराने एआयलाच विचारून सांगतो म्हटलं.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. अंबडच्या त्यांच्या कारखान्यात कोणता सुटा भाग कोणत्या फळीवर आहे हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी तरुणपणी फॉक्सप्रोत लिहिला होता. सर निवृत्त झाले त्याच महिन्यात कारखान्याने नवी यंत्रणा आणली आणि तो प्रोग्रॅम बंद केला. सर निरोप समारंभात हसले, भाषण केलं आणि पुढच्या रविवारपासून कट्ट्यावर यायचे थांबले. फोन केला तर म्हणत, "माझी भाषाच बंद पडली बाई. आता मी कोणाला काय सांगणार?" हा माणूस असं बोलेल हे मला खरं वाटेना. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

थोड्या दिवसांनी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नींचा फोन आला. "तू ये आधी. नाहीतर मी माहेरी जाते."

मी गेले. सरांनी स्वयंपाकघराचं भांडार केलं होतं. प्रत्येक डब्यावर क्रमांक, प्रत्येक फळीला अक्षर. काकू म्हणाल्या, "मला पोहे करायचे तर आधी मागणी नोंदवायची! काल जिरं मागितलं, तर म्हणाले, साठा किमान पातळीखाली आहे, मिळणार नाही. चाळीस वर्षं ज्या डब्यात मीठ होतं त्यात यांनी रवा घातलाय. परवाचा शिरा खारट झाला." सर आतून म्हणाले, "क्रमांक वाचला असता तर झाला नसता."

त्या रविवारी काकूंनी सरांना स्वतः कट्ट्यावर आणून बसवलं. सर इकडचं तिकडचं बोलले. मग हसतच, पण आमच्या कोणाच्याही डोळ्यांकडे न पाहता त्यांनी विचारलं, "बोला मंडळी, आता मी कोणती भाषा शिकू?"

आणि आम्ही सगळे गप्प झालो. सवयीने माना खाली गेल्या, पाव मोडले गेले. शेवाळे सरांना जामीन राहायचं म्हणजे खायचं काम नव्हे! पण सरांनी त्या शांततेचा भलताच अर्थ घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बरोबर आहे तुमचं," असं पुटपुटत ते चपला शोधू लागले.

"पायथन," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "जामीन मी. घरी काय अडतंय, सर?"

"काही अडत नाही."

"माझं अडतंय!" काकू कडाडल्या. "मला माझं स्वयंपाकघर परत पाहिजे!"

त्यावर दुकानाचा मालकसुद्धा बाहेर येऊन हसला, आणि सर चपला सोडून पुन्हा बसले.

तेव्हापासून दर शनिवारी मी सरांकडे जाते. दिवाणखान्यातल्या टेबलाशी आम्ही बसतो. विचारलेला जिन्नस कोणत्या डब्यात आहे हे काकूंना फोनवर सांगणारा प्रोग्रॅम सर लिहीत आहेत. पायथनशी त्यांचं भांडण पहिल्याच दिवशी जुंपलं. ओळ किती आत सरकवून लिहिली यावरून तिथे अर्थ ठरतो, हे कळल्यावर सर म्हणाले, "कोण कुठे बसलं यावरून मान ठरायचा? ही भाषा आहे की लग्नाची पंगत?" लाल अक्षरं आली की आता मी "हाई काय शे?" म्हणते आणि सर मला समजावून सांगतात. आम्ही स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले असताना काकूंनी एकेक करत सगळे जिन्नस आपापल्या जुन्या डब्यांत परत भरले, आणि सरांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. सरही आता रविवारी पुन्हा आंब्याखाली असतात आणि चहाचा विनोद शेवटपर्यंत न सांगता हसतात.

खरं सांगायचं तर तो प्रोग्रॅम कधीच चालू लागला आहे. जिरं विचारलं की तो जिऱ्याचा डबा बरोबर सांगतो, फक्त त्या डब्यात आता साखर असते. पण सर "चाललं" म्हणत नाहीत. दर शनिवारी मी लॅपटॉप मिटायला लागले की म्हणतात, "थांब, अजून एक बारीकसं राहिलंय." आणि काकू आत चहा टाकतात.

सरांच्या एकसष्टीनिमित्त मंडळी त्यांना दीर्घायुष्य चिंततील. माझंही तेच मागणं आहे, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. नियम सरांचाच आहे. शिकणाऱ्याने "चाललं" म्हटल्याशिवाय जामिनाने उठायचं नाही. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, चष्मा कपाळावर राहो, आणि अजून पुष्कळ पुष्कळ वर्षं त्यांनी मला उठू देऊ नये.