आत्याला गर्दी हवी

पूल ओलांडून बाजार लागला, तरी आत्यासोबत चालणाऱ्या भाचीला विषय काढवेना. तिचे बाबा आत्याला आपल्या शांत गावी कायमचं नेणार होते. आत्या शिंप्याच्या दुकानात बटणं लावायची. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचं बटण लोंबताना दिसलं, तशी पिशवीतला सुईदोरा काढून तिनं ते उभ्या उभ्या शिवून दिलं.

"आत्या, बाबा तुला गावी न्यायचं म्हणतायत. आराम मिळेल."

"तिथली बटणं आठवड्यात संपतील. मग काय भिंतींना लावत बसू?" आत्या हसली. "देवानं एवढी माणसं घडवलीत, इथे रोज नवी बघायला मिळतात गं. तुझा बाप माझं कधीच ऐकत नाही, तुझं ऐकतो. तेवढं समजाव त्याला."