पूर्वजांना प्रश्न विचारणाऱ्या विमलताई

विमलताई ओगले यांची माझी पहिली भेट देवास गेटजवळच्या आमच्या बँकेत झाली. माधव नगरात घरोघरी केबल येत होती, तेव्हाची गोष्ट. काउंटरपाशी उभ्या राहून त्यांनी माझं मूळ गाव विचारलं, गोत्र विचारलं, पणजोबांचं नाव विचारलं. धाकट्या बहिणीसाठी स्थळ घेऊन आल्या आहेत असं समजून मी लगबगीनं चहा मागवला. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मोडी कागद असतील ना? इंग्रजांच्या छावणीत तुमच्या घरातलं कुणी मुन्शी होतं, असं ऐकलंय." बहिणीचं लग्न पुढे दुसरीकडे जमलं, मी मात्र त्याच दिवशी विमलताईंच्या तावडीत सापडलो.

विमलताई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत आणि सुट्टीत नाटकं बसवत. त्या नाटकांना संहिता नसे. मंचावर एक पाट मांडायचा, तर्पणात घेतात तसं एखाद्या मृताचं नाव घेऊन त्याला बोलवायचं. नट येऊन पाटावर बसे आणि प्रेक्षक त्याला प्रश्न विचारत. अट एकच. कागदात असेल तेवढंच बोलायचं. नसेल तर "ते सांगता येणार नाही" म्हणायचं. राम घाटावरचे एक पंडितजी हे ऐकून म्हणाले, "मॅडम, बुलाया है तो विदा भी करना पड़ेगा." ताईंनी ते मानलं. तेव्हापासून प्रयोगाच्या शेवटी पाटावरच्याला हात जोडून निरोप देण्याची पद्धत पडली.

साहेबाच्या राज्यात आपली माणसं नेमकं काय करत होती, याची त्यांना विलक्षण उत्सुकता. "शाबासकी द्यायला बोलवत नाही आणि कान धरायलाही नाही. विचारायला बोलवतो," असं त्या सांगत.

आमचे खापरपणजोबा वामनराव यांनी सत्तावनच्या बंडात शिपायांना लपवलं, असं आमच्या घरी सांगत. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हा आवडता विषय. माळ्यावरच्या पेटीतले कागद मी मोठ्या ऐटीत ताईंना नेऊन दिले. पंधरा दिवसांनी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. वामनरावांनी भावाला लिहिलेलं पत्र होतं. कॅप्टनसमोर त्यांनी एका लपलेल्या शिपायाला ओळखलं होतं आणि त्याला फाशी झाली होती. मला राग आला, तोही ताईंचाच. त्या म्हणाल्या, "आधी दादांना विचारून घ्या. ते नको म्हणाले तर पत्र पेटीत परत जाईल. मी कुठे बोलणार नाही." वर्षानुवर्षं ज्याच्या शोधात होत्या तसा कागद हातात असताना असं म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पत्रात काय आहे ते मी दादांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "होऊन जाऊ दे."

प्रयोगात वामनराव म्हणून पाटावर मीच बसलो. पहिल्या रांगेतून दादा उठले. "तुम्ही त्याला का ओळखलंत?"

भीतीपोटी, मुलाबाळांपायी, असं काहीतरी सांगून दादांना मोकळं करावं असं फार वाटलं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"ते सांगता येणार नाही," मी म्हणालो.

दादा उभेच राहिले. "बरं. त्याचं नाव काय होतं?"

ते पत्रात होतं. "हनुमंतसिंह."

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला राम घाटावर दादांनी वामनरावांच्या नावानं पाणी सोडलं आणि मग हनुमंतसिंहांचं नाव घेतलं. गुरुजी थांबले. "ये कौन लगते हैं आपके?"

"लगते कोई नहीं. हमारी वजह से गए," दादा म्हणाले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

विमलताईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं. दादांना मी म्हटलं, ताईंच्या साठीनिमित्तच्या या लेखासाठी तुमच्याही दोन ओळी द्या. ते म्हणाले, "बाईंना लिही, तब्येतीला जपा. अजून माझं पुष्कळ विचारायचं राहिलंय."