डाव्या पॅनलचा खालचा स्क्रू

माझ्या सासऱ्यांचा पेचकसाशिवाय फोटो काढणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये कन्यादानाचा जो फोटो आहे, त्यात सासूबाई डोळे पुसताहेत, मी गोंधळून भटजींच्या तोंडाकडे बघतो आहे आणि सासऱ्यांच्या रेशमी सदऱ्याच्या खिशातून एक पिवळी मूठ डोकावते आहे. पाहुणे विचारतात, हे काय? बायको शांतपणे सांगते, "पापा का पेचकस." लखनौत इतकी वर्षं काढल्यामुळे सासरे मराठी बोलतानाही स्क्रू ड्रायव्हरला पेचकसच म्हणत, आणि त्या अवजारावर त्यांची जी श्रद्धा होती ती डॉक्टरांवर नव्हती आणि नातेवाइकांवर तर मुळीच नव्हती. माणूस मूळचा सांगलीचा, नोकरी रेल्वेच्या कारखान्यात इंजिनिअरची, घर तेलीबागेत भाड्याचं. दिवसभर रेल्वेचे डबे उघडून पुन्हा बंद करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हात दुखतात म्हणून विश्रांती घ्यायची. विश्रांती म्हणजे कुणाच्या तरी मोटारसायकलीची पॅनलं काढून पुन्हा बसवायची.

मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना आणि हेडलाइटच्या भोवती ती रंगीत प्लॅस्टिकची झाकणं असतात ना, तीच ही पॅनलं. नव्वदीच्या सुरुवातीला असल्या नटव्या गाड्या लखनौत नुकत्याच दिसू लागल्या होत्या. आपल्याला ती झाकणं शोभेची वाटतात, सासऱ्यांना ती गाडीची अब्रू वाटत. ती नीट बसली नाहीत की खडखडतात, आणि तो खडखडाट सासऱ्यांना दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येई. सासूबाईंनी चौथ्यांदा मारलेली हाक त्यांना ऐकू यायची नाही, पण वर्तमानपत्र वाचता वाचता ते मान वर करून म्हणत, "तिवारीजी आले. उजवीकडचं रबर गेलंय त्यांचं." आणि खरोखरच दोन मिनिटांनी तिवारीजी दारावरून जात. रायबरेली रोडवर तर ते आपली म्हातारी स्कूटर दामटून अनोळखी माणसाला गाठत आणि अस्सल लखनवी नम्रतेने म्हणत, "माफ़ कीजिएगा, आपका बायाँ पैनल कुछ कह रहा है." तो बिचारा घाबरून गाडी कडेला घेई. सासरे खिशातून पेचकस काढत. अशा रीतीने त्यांनी या शहरात जितके मित्र जोडले तितके मला बँकेत दहा वर्षं बसूनही जोडता आले नाहीत.

या कामाचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि त्यात कुणी हयगय केलेली त्यांना खपत नसे. पहिली गोष्ट म्हणजे पुठ्ठा. सासूबाईंच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर पॅनलचं चित्र काढायचं, आणि जो स्क्रू पॅनलच्या ज्या भोकातून निघाला तो चित्रातल्या त्याच जागी खोचून ठेवायचा. दिसायला सारखे असले तरी दोन स्क्रू कधी सारखे नसतात, त्यांना आपापल्या भोकाची सवय झालेली असते, असं ते सांगत. या पुठ्ठ्यामुळे त्यांच्या हातून आयुष्यात एकही स्क्रू हरवला नव्हता, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. सासूबाई म्हणत, यांच्यावर सोडलं तर हे पोळ्यासुद्धा पुठ्ठ्यावर खोचून वाढतील. दुसरी गोष्ट म्हणजे पॅनल कधी हिसका देऊन ओढायचं नाही, खालून अंगठ्याने हळूच उचलायचं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवायचा. प्लॅस्टिकच्या भोकात जुने आटे पडलेले असतात. घाईघाईने सुलटा पिळला तर स्क्रू नवेच आटे पाडतो आणि भोक कायमचं वाया जातं. उलटा फिरवता फिरवता एका क्षणी बारीक टक् असा आवाज येतो, म्हणजे स्क्रू आपल्या जुन्या वाटेवर उतरला. मग सुलटा घ्यायचा, तोही बोटांनी. हा नियम ते लोणच्याच्या बरण्यांना लावत, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला लावत, आणि बायको सांगते की बारावीच्या परीक्षेच्या आधी तिलाही तो लावण्याचा प्रयत्न झाला होता.

सासूबाई कापड घ्यायला अमीनाबादला निघाल्या की हे हौसेने बरोबर जात. बघणाऱ्याला वाटे, काय प्रेमळ नवरा आहे. सासूबाई एका दुकानात रंग पसंत करत असताना हे शेजारच्या दुकानात बसून ब्लाउजची टिचबटणं एकेक करून दाबून बघत. टुलबॉक्सचं झाकण त्या टिचबटणांनी फार सुंदर बंद होतं, असा त्यांचा शोध होता. एकदा सासूबाईंचा नवा ब्लाउज बटणांवाचून तीन आठवडे पडून राहिला आणि टुलबॉक्स मात्र लग्नाला निघाल्यासारखा सजला.

आता माझी त्यांची गाठ कशी पडली ते सांगतो. मी तेव्हा लखनौला बँकेत नुकताच लागलेला, मूळचा साताऱ्याचा, लाजाळू म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध. माझं लग्न जमवायला साताऱ्याहून आत्या आली होती. रविवारी लखनौचं स्थळ बघायचं, सोमवारी कानपूरचं, आणि मंगळवारी पक्कं करून टाकायचं, असा तिचा बेत होता. आत्याला मागे बसवून मी माझ्या नव्या लाल मोटारसायकलीवरून तेलीबागेला पोहोचलो. फाटकात मुलीचे वडील उभे होते. त्यांनी नमस्कार केला नाही, प्रवास कसा झाला ते विचारलं नाही. म्हणाले, "डावं पॅनल वाजतंय तुमचं. या, आत या."

आत पोहे झाले, चहा झाला. मुलगी लखनौतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून. आत्याला हिंदी फारसं कळत नव्हतं आणि त्याहून कमी आवडत होतं. गाणं येतं का, असं आत्याने विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "जी नहीं, और घर में सब इसके लिए शुक्रगुज़ार हैं." मी एकटाच हसलो आणि पोहे घशात अडकले. तेवढ्यात मला कळून चुकलं होतं की मला हीच मुलगी हवी आहे. पण मला आत्याने काही विचार म्हणून डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, तुम्हाला स्वयंपाक येतो का. ती म्हणाली, थोडाफार. मग सगळे पंख्याकडे बघत बसलो. पंखा हिवाळ्यामुळे बंद होता. आत्याने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं, आम्ही कळवतो." लग्नाच्या बाजारात याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. मुलीलाही होतं. ती ट्रे उचलून आत गेली आणि मी बुटांत पाय घातले. आत्यापुढे तोंड उघडण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

बाहेर येऊन बघतो तर माझ्या मोटारसायकलीच्या अंगावर एकही पॅनल नव्हतं. मुलीचे वडील आमच्या मधूनच कधी उठून गेले ते कुणाला कळलं नव्हतं. अंगणात वर्तमानपत्रावर लाल पॅनलं पसरली होती, शेजारी स्क्रू खोचलेला पुठ्ठा होता, आणि हे उकिडवे बसून कुकरच्या जुन्या रिंगमधून रबराचे तुकडे कापत होते. आत्या म्हणाली, हे काय चाललंय. ते म्हणाले, पाच मिनिटं. उन्हात सासूबाईंनी मटारच्या शेंगांचा ढीग सोलायला घेतला होता. आत्याचे हात कधी रिकामे राहात नसत, म्हणून तीही कपाळाला आठ्या घालून सोलायला बसली.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. पॅनलं धुऊन पुसून झाली, रबरं बसली, स्क्रू एकेक करून पुठ्ठ्यावरून आपापल्या जागी गेले. आणि शेवटी पुठ्ठ्यावर एक भोक रिकामं उरलं. डाव्या पॅनलचा खालचा स्क्रू नव्हता. सासूबाईंचे हात थांबले. आतून डोकावणारी मुलगी बाहेर आली. या घरात स्क्रू हरवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण दोघींचे चेहरे बघून मीसुद्धा घाबरलो. वडिलांनी वर्तमानपत्र झटकलं, स्वतःचे खिसे उलटे केले, आणि मग त्यांची नजर मटारच्या ढिगावर गेली. "मटारात गेला असणार," ते म्हणाले. "तुम्ही दोघं तरुण आहात. डोळे चांगले आहेत. बघा जरा."

मग ती आणि मी परातीच्या दोन बाजूंना बसून मटार चाळू लागलो. परातीतले दाणे झाले, मग टरफलांची टोपली झाली, मग न सोललेल्या शेंगासुद्धा बघितल्या. न सोललेल्या शेंगेत स्क्रू कसा जाईल, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पहिली दहा मिनिटं नुसतेच दाणे सरकवत होतो. मग तिने हळूच सांगितलं की सांगलीची चुलत भावंडं तिच्या मराठीला हसतात, म्हणून ती बोलतच नाही. मी सांगितलं की माझ्या हिंदीला बँकेतले चपराशी तोंड फिरवून हसतात. ती जरा थांबली आणि मराठीत म्हणाली, "मग आपण दोघं सारखेच की." एवढ्या एका वाक्यासाठी मी आणखी चार किलो मटार आनंदाने चाळला असता. तिकडे आत्या सासूबाईंकडून निमोना कसा करतात ते शिकत होती. वाटलेल्या मटारचं ते इकडचं कालवण तिला इतकं आवडलं की आम्ही जेवूनच निघालो, आणि तोवर उन्हं उतरली होती.

स्क्रू काही सापडला नाही. वडिलांनी आपल्या डब्यातला दुसरा लावला आणि म्हणाले, "हा जरा बारीक आहे. धरेल, पण वाजेल. पुढच्या रविवारी या, बरोबर मापाचा आणून ठेवतो." परतताना मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "पुढच्या रविवारी यायला लागेलच, नाही का? स्क्रूसाठी." कानपूरचं तिने पुन्हा नाव काढलं नाही.

त्यानंतर मी किती रविवार तेलीबागेला गेलो ते मोजलं नाही. लग्न ठरलं, झालं, पोरगी झाली, पण बरोबर मापाचा स्क्रू काही मिळाला नाही. दर वेळी सासरे माझी पॅनलं उतरवत, पुसत, चढवत आणि शेवटी तोच बारीक स्क्रू लावत. साऱ्या लखनौचा खडखडाट बंद करणारा हा माणूस जावयाची गाडी मात्र वाजती ठेवतो, म्हणून मी त्यांना भरपूर चिडवलं. तुमच्या हातून हरवलेला एकमेव स्क्रू माझा, हे तर मी चारचौघांत सांगत असे. ते चष्मा पुसत बसत. त्या खडखडाटाचा एक फायदा होता. मी वळणावर असतानाच ते आत सांगत, जावई आले, चहा टाका. फाटक उघडेपर्यंत आधण आलेलं असे.

दशक सरताना ते निवृत्त झाले आणि सांगलीला परत जायचं ठरलं. सामान बांधताना टुलबॉक्स माझ्याकडे आला. टिचबटणं उघडली. आत होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत स्क्रू आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरांत नाव. शेवटच्या बाटलीवर काहीच लिहिलं नव्हतं. आत कापसात एकच स्क्रू होता, लाल रंगाचा ओरखडा असलेला. मी तो ओळखला. विचारलं, हा कधी सापडला?

"हरवला कधी होता?" सासरे म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मुलगा बरा वाटला होता मला. पण तुम्ही सगळे एकदम पिळून मोकळे व्हायला निघाला होतात. जरा उलटं फिरवावं लागलं."

मी वाकून नमस्कार केला, तर ते म्हणाले, पाया काय पडता, पेचकस घ्या. आम्ही अंगणात माझ्या गाडीपाशी गेलो. आता त्यांना उकिडवं बसवत नव्हतं. ते वेताच्या मोड्यावर बसले आणि मी त्यांच्यासमोर तो स्क्रू भोकात धरून उलटा फिरवू लागलो. ते डोळे मिटून ऐकत होते. टक् झालं. "बस," ते म्हणाले. "आता बोटांनीच." इतक्या वर्षांनी ते पॅनल आपल्या जागी बसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना रेल्वेत बसवून दिलं. सांगलीचं घर लावून द्यायला बायको आणि पोरगीही बरोबर गेल्या. घरमालकाला किल्ली द्यायची होती म्हणून मी स्टेशनवरून तसाच तेलीबागेला गेलो. मोटारसायकल अजिबात वाजत नव्हती. नेहमीचं वळण आलं, फाटक आलं, आणि मी आलो हे कुणालाच कळलं नाही. फाटकापाशी मी बराच वेळ उभा होतो. मग खिशातला पिवळ्या मुठीचा पेचकस काढला, जो जाताना त्यांनी माझ्या हातात ठेवला होता, आणि डाव्या पॅनलचा खालचा स्क्रू दोन फेरे उलटा फिरवून ठेवला. घरी जाईपर्यंत गाडी छान खडखडत होती.