अर्धं बोट कमी

शिंप्याचा हात मापाला पक्का. रविवारी सकाळी मेव्हण्यासोबत खडकांवर गळ टाकायला जातानाही गळ्यातली टेप तशीच असायची. नऊ इंच न भरलेला मासा परत सोडायचा, आणि तोही भिरकावून नाही, पाण्याशी वाकून, हलक्या हातानं, हा त्याचा कायदा. बाकीचे गळवाले हसायचे, “मास्तर, माशाला सदरा शिवताय का?”

त्या रविवारी मेव्हण्याच्या गळाला महिन्याभरानं मासा लागला. “दाजी, आजच्या दिवस राहू द्या की!” त्यानं गयावया केली.

शिंप्यानं टेप लावली. “अर्धं बोट कमी आहे. जा, सोडून ये.”

समुद्र खवळलेला दिसत होता, पण कायदा म्हणजे कायदा! मेव्हणा तोंड पाडून खाली उतरला, वाकला, आणि लाट आली. लाटेला कसलं आलंय माप? टोपी तेवढी परत आली.

बायकोनं भावासाठी टाहो फोडला, पण नवऱ्याला बोल लावला नाही. महिन्यानं, त्याला जेवायला वाढताना, तिनं एकदाच विचारलं, “कितीनं कमी होता?”

“अर्धं बोट.”

तिनं स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरलं. “एवढ्यासाठी?”