आईचं इस्त्री केलेलं बोलणं

डब्लिनला निघाले त्या दिवशी उमेळे गावातल्या आमच्या अंगणात टॅक्सी उभी होती आणि आई ड्रायव्हरला दम भरत होती, "हलू चालव रे, कोनाला घाई नाय." घाई मलाच होती. नर्सची नोकरी मिळाली होती. मागे राहणार होती आई आणि तिची केळीची वाडी. आमच्या घरची बोली पुस्तकात कधी नव्हती. 'ण' तर आईच्या जिभेवर आलाच नाही.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ लॉईड रील करू लागला. तो गाव सोडून एव्हरशाईन सिटीत, फ्लॅटमध्ये राहतो. वाडीला पाणी देणारा पाइप बिल्डरच्या माणसांनी तोडला म्हणून आई त्यांना झापत होती. लॉईडने ते चोरून टिपलं, मागे हसण्याचा आवाज चिकटवला आणि इंटरनेटवर टाकलं. पाइप कुणालाच दिसला नाही. दिसली एक मजेशीर म्हातारी.

आमचा परदेशातल्या गाववाल्यांचा ग्रुप नुसता उसळला. "हसून हसून पोट दुखलं." "गावाची आठवण आली यार." आठवण! यांनी वाड्या विकल्या, पोरांना मराठीचं एक वाक्य शिकवलं नाही, आणि आता बसस्टॉपवर उभ्या उभ्या अंगठ्याने गावावर प्रेम करतात. एक हृदय, एक रडका चेहरा, की पुढची रील. असल्या प्रेमाची मला किळस येते.

मे महिन्यात गावातल्या क्रुसापाशी रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना असते. प्रार्थना आईच सांगायची. यंदा तिने तोंड उघडलं आणि समोर मोबाईल वर झाले. कुणीतरी खुदकन हसलं. आईने हातातली माळ शेजारच्या फिलू मावशीला दिली आणि घरी निघून गेली.

पुढच्या फोनला ती म्हणाली, "तू जेवलीस का? तिकडे थंडी आहे का?" शुद्ध, इस्त्री केलेलं. मला वाटलं, चुकून दुसरीकडेच फोन लागला.

मी लॉईडला झापलं. तो म्हणाला, "अगं, लोकांना आवडते ती. आपली बोली वाचवतोय मी!" जिच्या तोंडात ती जिवंत होती तिलाच गप्प करून हा बोली वाचवत होता. शेवटी त्याने रील काढली. पण तोवर ती शंभर जणांनी उचलली होती, वर आपापले विनोद चढवून.

नाताळला घरी गेले. आई माझ्याशीही तसंच बोलत राहिली, पाहुण्यांशी बोलावं तसं. एका दुपारी पडवीत बसले होते. मागच्या दाराने फिलू मावशी आली आणि स्वयंपाकघरातून अचानक आमची बोली ऐकू आली. भरभरून, शिव्यांसकट, मधूनच खळखळून हसू. मी धावतच उंबऱ्यात गेले.

दोघी गप्प झाल्या. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते माझ्या हातांकडे.

हात रिकामे होते, मोबाईल पडवीतच राहिला होता. तरी ती म्हणाली, "ये, बस. चहा घेणार आहेस का?"

घर अजून उमेळ्यातच आहे. फक्त मी आत पाऊल टाकलं की ते बोलायचं थांबतं.